समुद्राचे कुंपण आणि कुंपणाबाहेरची माणसे

समुद्र, प्रवाळ, मासे, कासवे हे विषय आमच्या या पानावर क्वचित येतात. पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद, आपल्याला आधी भाकर, नोकरी आणि न्याय पाहिजे, अशी चळवळीतल्या अनेकांची भावना असते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पर्यावरणाचा झेंडा ज्यांनी आजवर खांद्यावर घेतला, त्यांनी त्याच झेंड्याच्या काठीने बहुतेक वेळा गरिबाला हाकलले आहे. परंतु नेमके म्हणूनच हा विषय त्यांच्या हाती सोडून चालणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात जगातल्या देशांनी एक करार केला. २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, असे त्यात ठरले. त्या वेळी संरक्षित समुद्र होता सुमारे ८ टक्के. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत जगाच्या समुद्राचा आणखी पाचवा हिस्सा कुंपणात घ्यायचा. भारतही या करारात आहे. आता समुद्राला कुंपण म्हणजे काही तारेचे कुंपण नव्हे. नकाशावर रेघ ओढायची, अधिसूचना काढायची आणि रेघेच्या आत मासेमारी बंद किंवा मर्यादित करायची, हे त्याचे स्वरूप. या रेघेच्या आत कोणाची होडी येते, कोणाचे जाळे पडते, हे रेघ ओढणाऱ्याला नकाशावर दिसत नाही. आणि रेघ ज्याच्यासाठी ओढली तो समुद्र आता तापतो आहे. तापलेल्या पाण्याला रेघ कळत नाही.

ही दोन सत्ये एकाच जागी पाहायची असतील तर हिंदी महासागरातल्या चागोस बेटांकडे पाहावे लागेल. मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर ही प्रवाळबेटे आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी त्यातल्या एकाचे नाव ऐकलेले असते, ते म्हणजे डिएगो गार्सिया, अमेरिकेचा लष्करी तळ. पण तळाच्या आधी तिथे माणसे राहत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी नारळाच्या बागांसाठी मादागास्कर आणि मोझांबिककडच्या माणसांना गुलाम करून तिथे नेले. गुलामगिरी संपल्यावर काही मजूर हिंदुस्थानातूनही गेले. या सगळ्यांची मिळून एक जमात झाली, एक क्रेओल बोली झाली, देवळे आणि स्मशाने झाली. कागदोपत्री जमीन मळेवाल्याची, पण पाच-सहा पिढ्यांचा घाम त्यांचा.

१९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. मॉरिशस तेव्हा स्वतंत्र व्हायच्या बेतात होता. बदल्यात त्याला ३० लाख पौंड दिले गेले, आणि अमेरिकेने ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत गुपचूप १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली. अमेरिकेला बेट हवे होते ते माणसांवाचून. मग १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार माणसे उठवण्यात आली. उपचाराला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले. धान्याची जहाजे कमी केली. लोकांची कुत्री एका शेडमध्ये कोंडून वाहनांच्या धुराने मारली. शेवटी उरलेल्यांना जहाजात घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवले. लंडनच्या अधिकाऱ्यांनी आपसांत लिहिलेली टिपणे पुढे उजेडात आली. त्यात या लोकांची टारझन आणि रॉबिन्सन क्रूसोचा नोकर फ्रायडे अशी थट्टा केलेली आहे. बेटावर कायमचे रहिवासी कोणी नाहीतच, सगळे तात्पुरते मजूर आहेत, असे जगाला सांगायचे ठरले होते. माणूस कागदावर नाही म्हटले की त्याला उठवण्याचे पापही कागदावर राहत नाही. ही युक्ती आम्हाला नवी नाही.

मॉरिशसमध्ये मराठी भाषिकांचीही जुनी वस्ती आहे, ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांची ती लेकरे. तिथल्या पोर्ट लुईच्या रोश ब्वा आणि कासी या झोपडपट्ट्यांत चागोसची माणसे येऊन पडली. नारळ सोलण्यापलीकडे शहराला उपयोगी पडेल असे काम त्यांना येत नव्हते. १९७२ मध्ये ब्रिटनने मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले आणि १९८२ मध्ये आणखी ४० लाख. त्यासाठी अनेकांकडून ज्या इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले त्यात परतीचा हक्क सोडल्याचे लिहिले होते. तरीही ही माणसे गप्प बसली नाहीत. त्यांच्या स्त्रिया मॉरिशसच्या रस्त्यावर उपोषणाला बसल्या, पोलिसांचा मार खाल्ला. पुढे ऑलिव्हिए बांकू या इलेक्ट्रिशियनने ब्रिटिश सरकारला न्यायालयात खेचले आणि नोव्हेंबर २००० मध्ये खटला जिंकलाही. २००४ मध्ये सरकारने संसदेला बाजूला ठेवून राणीच्या विशेषाधिकाराने परतीचा रस्ता पुन्हा बंद केला, आणि २००८ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

इथे प्रवेश होतो निसर्गप्रेमाचा. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने चागोसभोवतीचा सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा हा टापू. व्यापारी मासेमारी पूर्ण बंद. जगभरच्या निसर्गसंस्थांनी टाळ्या वाजवल्या. मात्र डिएगो गार्सिया आणि त्यालगतचे तीन मैल पाणी या संरक्षणातून वगळले होते. तळावरच्या लोकांना हौसेखातर मासे धरण्याची मुभा राहिली. अण्वस्त्रे वाहणारी जहाजे आत चालतात. ज्याचा आजोबा तिथे पुरला आहे त्याची होडी आत चालत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विकिलीक्सने एक अमेरिकी तार उघड केली. मे २००९ मधल्या एका बैठकीचा तो वृत्तांत होता. समुद्री उद्यान झाले की जुन्या रहिवाशांचा परतीचा दावा निकालात निघेल, असे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकेच्या मुत्सद्द्याला सांगितल्याचे त्यात नोंदलेले आहे. ब्रिटनच्या न्यायालयांनी पुढे हा छुपा हेतू सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला, हेही वाचकांपुढे ठेवले पाहिजे. परंतु १८ मार्च २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने मॉरिशसच्या हक्कांना न जुमानता केलेली ही घोषणा समुद्रकायद्याचा भंग करणारी आहे असे ठरवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याही मागे जाऊन, १९६५ ची फाळणीच बेकायदा होती असे मत दिले. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देश एका बाजूला आणि ब्रिटन-अमेरिकेसह सहा देश दुसऱ्या बाजूला, असे मतदान झाले.

एवढे सगळे करून प्रवाळ तरी वाचले काय? प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो जीव आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे आपल्या यजमानाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल पातळीहून एखाद्या अंशानेही जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. मग त्याचा रंग जातो, तो पांढरा पडतो आणि ताप उतरला नाही तर उपाशी मरतो. १९९८ च्या उष्णतेत चागोसच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ असेच मेले. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते पुष्कळसे सावरले. आसपास सांडपाणी नाही, गाळ नाही, फार मासेमारी नाही, म्हणून सावरले, असे शास्त्रज्ञ सांगतात. ते आम्ही मान्य करतो. पण २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाणी पुन्हा तापले, आणि या वेळी जगातल्या सर्वांत कडक संरक्षित क्षेत्रांपैकी एकाची रेघ भोवताली होती. प्रवाळ पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेले. माणूस हटवून चार दशके झाली होती, मासेमारीची जहाजे हटवून पाच वर्षे. ताप हटवणारी अधिसूचना मात्र कोणी काढली नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचे उदाहरण घ्या. १९७५ पासून ते उद्यान आहे, पैशाची कमतरता नाही, गस्त उत्तम. २०१६ मध्ये ते भयंकर पांढरे पडले तेव्हा शास्त्रज्ञांनी तपासले, की मासेमारीपासून संरक्षित पट्टे कमी पांढरे पडले काय? तसा फरक त्यांना आढळला नाही. त्यानंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ असे ते पांढरे पडतच राहिले. जी माणसे कोळसा, तेल जाळून हा ताप वाढवतात ती कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत राहत नाहीत. त्यांच्यावर खटला नाही, दंड नाही, जप्त करायला त्यांची होडी नाही. आपल्याकडेही भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंशाने वाढले, जगाच्या समुद्राच्या सरासरीहून जास्त. रापण ओढणाऱ्याने हा एक अंश वाढवलेला नाही.

संरक्षण मुळातच फोल आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. मासे वाढू दिले, शेवाळ खाणारे मासे राखले, तर मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजत नाही आणि नवा प्रवाळ धरतो. चागोसमध्येच एक मोलाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांबरोबर आलेले उंदीर ज्या बेटांवर माजले तिथे समुद्रपक्षी जवळजवळ संपले. जिथे उंदीर नाहीत तिथे पक्षी शेकडो पटींनी जास्त, त्यांची विष्ठा पावसाबरोबर समुद्रात उतरते आणि लगतच्या प्रवाळावर मासळीचे वजन जवळपास दीडपट भरते. म्हणजे बेटावर काम करणारी माणसे असती, उंदीर मारणारी, पक्षी राखणारी, तर समुद्राचे भलेच झाले असते. हे काम बेटाच्या लेकरांनी का करू नये, याचे उत्तर कोणत्याही निसर्गसंस्थेने आजवर सरळ दिलेले आमच्या वाचनात नाही.

आणि कुंपण किनाऱ्यावरच्या माणसाने स्वतः घातले तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो या लहानशा गावात मासे कमी झाले तेव्हा तिथल्याच मच्छीमार कुटुंबांनी समुद्र राखायची मागणी केली. १९९५ मध्ये उद्यान झाले, जेमतेम ७१ चौरस किलोमीटरचे, आणि गस्त घालायला गावकरीच पुढे आले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या मासळीचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढले. चागोसच्या तुलनेत हा ठिपकासुद्धा नव्हे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. महाराष्ट्राचे सागरी अभयारण्य आहे मालवणला. १९८७ मध्ये ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. गाबित आणि इतर पारंपरिक मच्छीमारांनी पहिल्यापासून त्याला विरोध केला. शहरातल्या वाचकांना वाटते, हे लोक अडाणी, त्यांना निसर्गाचे मोल कळत नाही. पण मालवणच्या रापणीकडे पाहा. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची आणि मिळेल त्या मासळीचे वाटे घालायचे. किनाऱ्यापासून दूर ही रापण जाऊच शकत नाही. समुद्र लुटायची तिची ताकदच नाही. लुटले ते पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्री एलईडीचे दिवे पाण्यावर पाजळून मासे ओढणाऱ्यांनी. त्याविरुद्ध रस्त्यावर कोण उतरले? हेच पारंपरिक मच्छीमार. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली, त्यामागे त्यांची चळवळ होती. मालवणच्या समुद्राचे खरे संरक्षक कोण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

तापलेल्या समुद्राने या मच्छीमारापुढे आणखी एक पेच टाकला आहे. मासा जागा बदलतो आहे. एके काळी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची समजली जाणारी तारली उत्तरेकडे सरकली, बांगडाही उत्तरेकडे आणि खोल पाण्याकडे गेला, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. मोठ्या इंजिनाची बोट माशामागे जाईल. रापण कशी जाणार? अभयारण्याची रेघही जागची हलत नाही. ज्या माशासाठी, ज्या प्रवाळासाठी ती १९८७ मध्ये ओढली तो उद्या तिच्या आत असेलच याची हमी नाही. म्हणून जगभरचे अभ्यासक आता म्हणतात, की हद्दी ठरावीक वर्षांनी तपासाव्यात, ऋतुमानाप्रमाणे बदलाव्यात, थंड पाण्याचे खोल पट्टे हेरून राखावेत. ते योग्यच आहे. पण कोणता पट्टा केव्हा थंड, कोणता मासा केव्हा आला नि केव्हा गेला, हे रोज पाण्यावर असणारालाच आधी कळते. त्याला समितीत न घेता हलती हद्द आखली, तर कालपर्यंत जिथे जाळे चालत होते तिथे आज दंड, असा नवा जाच सुरू होईल.

सरकारचे संरक्षण किती पातळ असते याचा दाखला अंदमान-निकोबारचा. ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात प्रचंड चामडपाठी कासवे अंडी घालायला येतात, म्हणून १९९७ मध्ये तिथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये बंदरासाठी ते अभयारण्य रद्द करण्यात आले. २००४ च्या त्सुनामीत उठलेल्या तिथल्या निकोबारी आदिवासींना अजून आपल्या मूळ गावांत परत जायचे आहे. बंदराच्या आड आले की कासवही हटते आणि आदिवासीही.

कोकणाला हा सगळा हिशेब समजायला परका वाटू नये. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, तेव्हा प्रश्न असाच होता. कसतो एक, दप्तरी नाव दुसऱ्याचे. समुद्रावर आज तेच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याची दैना केली. अशा वेळी पंचनामा होडीचा होतो, जाळ्याचा होतो. जाळे ओढणाऱ्या हाताचा, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचा पंचनामा कोणत्या रकान्यात होतो? दप्तरात नसलेला माणूस भरपाईच्या वेळी नसतो आणि अभयारण्य करताना हक्क विचारायच्या वेळीही नसतो.

कायदा काय सांगतो ते नीट पाहू. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम २६-अ आले. किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घ्यायचा तर आधी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्याची पुरेशी तजवीज करायची, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मालवणचे अभयारण्य त्याच्या चार वर्षे आधीचे. पण यातच एक मेख आहे. जमिनीवर अभयारण्य करायचे तर जिल्हाधिकाऱ्याने गावोगावी प्रादेशिक भाषेत जाहीरनामा लावायचा, दोन महिन्यांत लोकांचे दावे मागवायचे आणि त्यांची चौकशी करायची, अशी रीत कायद्यात आहे. समुद्राला मात्र कलम २६-अ खाली ही पायरी गाळून थेट अभयारण्य जाहीर करता येते. पुरेशी तजवीज म्हणजे किती, ती कोणाला विचारून ठरवायची, हे मोघम ठेवलेले आहे. जमीनवाल्याचा दावा ऐकायचा आणि पाणीवाल्याचा नाही, असा हा भेद.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस परत देण्याच्या करारावर सह्या केल्या. डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडेच राहणार, आणि त्या बेटावर मूळ रहिवाशांनी परतण्याची तरतूद त्यात नाही. करार करणाऱ्या दोन सरकारांच्या मधोमध चागोसच्या माणसांना खुर्ची नव्हती. सह्यांच्या दिवशी सकाळी तिथे जन्मलेल्या दोन स्त्रियांना लंडनच्या न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, काही तासांपुरती स्थगिती मिळाली आणि ती उठलीही.

२०३० जवळ आले आहे. ३० टक्क्यांची भरती करायला दिल्लीत आणि मुंबईत नकाशे निघतील. ते निघण्याच्या आधी मच्छीमार संघटनांनी आणि आमच्या कोकणातल्या कार्यकर्त्यांनी सरकारकडे एक साधी मागणी केली पाहिजे: जमिनीला लागू असलेली दोन महिन्यांच्या दाव्यांची पायरी समुद्रालाही लागू करा. होडीमालकाबरोबर खलाशी, रापणीचा गडी आणि मासे विकणारी बाई यांची नावे नोंदवा. आणि जाहीरनामा मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरे इथल्या किनाऱ्यावर मराठीत, मासळीचा लिलाव चालतो त्या जागी लावा.